उलटी छापलेली बातमी : सोयाबीनच्या अल्किडचं एक प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या फोनवर एका खिडकीच्या ग्रिलचा फोटो आला. पांढऱ्या इनॅमलवर बारीक काळी अक्षरं. मोठा करून पाहिला तर अक्षरं उलटी. दिघ्याच्या फॅब्रिकेटरनं ग्रिल रंगवून दोन दिवस शेडमध्ये टांगून ठेवल्या, मग ऐरोलीच्या एका सोसायटीत पोचवायला एकावर एक रचल्या आणि मध्ये वर्तमानपत्रं घातली. टेम्पोतून उतरवताना कागद सुटेनात. ओढून काढले, तर बातम्या ग्रिलवरच राहिल्या.

माझ्यापर्यंत येताना फोटो तीन हातांतून फिरला होता आणि प्रत्येकानं खाली आपापली ओळ जोडली होती. ग्रिलवाल्याची ओळ : ‘दादा, रंग सुकतच नाही, सोसायटीवाले डोकं खातायत.’ वागळे इस्टेटमधल्या रंगाच्या कारखानदाराची : ‘शेठ, आमच्याकडे काहीही बदललेलं नाही, तुमचं रेझिन बघा.’ आणि रबाळ्याच्या एमआयडीसीत ज्यांचा रेझिनचा छोटा कारखाना आहे, त्या मालकांनी मला नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं होतं. त्यांचा सल्लागार म्हणून मी बरीच वर्षं काम करतो. या प्रकरणात माझा स्वतःचाही हात होता, पण ते कळायला पुढचे नऊ दिवस जायचे होते.

बाजारात ‘ऑइल पेंट’ म्हणून मिळणाऱ्या सिंथेटिक इनॅमलचा जीव म्हणजे अल्किड रेझिन. हे नाव इंग्रजीतल्या अल्कोहोल आणि ॲसिड या दोन शब्दांची मोडतोड करून बनलंय. १९२०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉय कीनल यांनी ते रूढ केलं. त्याच्या आधी रंगाऱ्याकडे असायचं ते उकळलेलं जवसाचं तेल, जुने लोक ज्याला बेलतेल म्हणतात. बेलतेल सुकायला दिवस घ्यायचं आणि पिवळं पडायचं. अल्किडमध्ये तेल असतंच, पण ते पॉलिएस्टरच्या कण्याला फांद्यांसारखं जोडलेलं असतं. कणा रंगाला कडकपणा आणि चकाकी देतो, फांद्या हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकींत गुंततात.

रबाळ्याला जे रेझिन चालतं ते लाँग ऑइल जातीचं, म्हणजे जास्त तेलाचं. १,००० किलो घट्ट रेझिनसाठी ६३० किलो रिफाइंड सोयाबीन तेल, १४६ किलो पेंटाएरिथ्रिटॉल, २५५ किलो थॅलिक अनहायड्राइड. बेरीज १,०३१ होते. वरचे ३१ किलो म्हणजे अभिक्रियेतून सुटणारं पाणी. केटलमध्ये, म्हणजे रेझिन शिजवायच्या मोठ्या भांड्यात, आधी तेल आणि पेंटा चिमूटभर लिथियम हायड्रॉक्साइडसोबत २४० अंशांना तापवतात. तेलाचा रेणू तीन फॅटी ॲसिडांची मोळी असतो, ती या पायरीला सुटते आणि पेंटावर वाटली जाते. मोळी नीट सुटली का, हे बघायला एक भाग माल तीन भाग मेथॅनॉलमध्ये टाकतात. द्रावण स्वच्छ राहिलं की पुढे जायचं. मग थॅलिक, मग थोडं झायलीन, आणि मग पाणी उतरण्याची वाट. डिकँटरमध्ये पाणी साचतं, ॲसिड व्हॅल्यू उतरते, चिकटी मोजायच्या गार्डनर ट्यूबमधला बुडबुडा सावकाश चढायला लागतो. ठरलेल्या जागी आल्यावर थंड करून एमटीओमध्ये, म्हणजे मिनरल टर्पेंटाइनमध्ये, पातळ करायचं.

हे सगळं इतकं तपशिलात सांगतोय कारण पुढचा सगळा घोळ यातच लपलेला होता आणि आम्हाला दिसत नव्हता.

मी रबाळ्याला पोचायच्या आधीच मालकांनी एक उपाय करून टाकला होता, जो या धंद्यात प्रत्येक जण सगळ्यात आधी करतो. रंगवाल्याला सांगून त्यांनी इनॅमलमध्ये कोबाल्ट ड्रायर, म्हणजे रंग लवकर सुकवणारं द्रव्य, वाढवून घेतला. कोबाल्ट हा वरून सुकवणारा ड्रायर. जास्त पडला की रंगाच्या वरच्या बाजूला दुधावर साय धरावी तशी कातडी धरते, ऑक्सिजन आत जायचा थांबतो, आणि आतला थर मऊच राहतो. दिघ्याला त्या दुरुस्त रंगानं रंगवलेल्या दोन ग्रिल मी पाहिल्या. कोपऱ्यांत, जिथे रंग जाड बसतो, तिथे सुरकुत्या पडल्या होत्या. नख लावलं तर वरची कातडी सरकत होती. आता तक्रारी दोन झाल्या.

शेडमध्ये मी तासभर नुसता बसलो. ग्रिलवाला तोच, हात तोच, ब्रश तोच, टर्पेंटाइन नाक्यावरच्या त्याच दुकानातलं. शेड पश्चिमेकडे उघडी, मागे पारसिकची टेकडी, समोरून ठाणे-बेलापूर रस्त्याची वर्दळ. खाली फरशी ओली. जुलैतला नेहमीचा ठाणे-नवी मुंबईचा दिवस, म्हणजे हवा पिळली तर पाणी निघेल असा. तो म्हणाला, ‘सर, पावसाळ्यात रंग उशिरा सुकतो हे मला माहितीये की. सकाळचा रंग संध्याकाळी सुकायचा तो दुसऱ्या दिवशी सुकतो. पण हे म्हणजे चार-चार दिवस गूळ.’

गूळ हा शब्द मी वहीत लिहून घेतला. चिकटपणाचे प्रकार असतात. हात लावला की बोटाला रंग लागतो तो ओला. बोटाला काही लागत नाही पण बोट धरून ठेवतो तो चिकट. इथे दुसरा होता. एमटीओ उडून गेलं होतं आणि रेझिन मागे राहिलं होतं, पण फांद्या एकमेकींत गुंतल्याच नव्हत्या.

दमट हवा हे कारण अर्धं खरं. हवेत पाणी जास्त असलं की कोबाल्टची चाल मंदावते. पूर्वी जोडीला शिशाचा ड्रायर असायचा. तो आतून सुकवायचा आणि खराब हवेतही चालायचा. घरगुती रंगांतल्या शिशाबाबतचे नियम २०१६ मध्ये आले, नोव्हेंबर २०१७ पासून मर्यादा ९० पीपीएमची झाली आणि शिसं गेलं. जायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्या जागी झिर्कोनियम आणि कॅल्शियम आलं आणि कोरड्या हवेत ते छान चालतं. पण जुना ड्रायर जो ढिलेपणा पोटात घालायचा, तो नवी जोडी घालत नाही. रेझिनमध्ये काही कमी असेल तर ते आता पावसाळ्यात उघडं पडतं.

दुसरा संशय रंगद्रव्यावर. कार्बन ब्लॅक कोबाल्टला आपल्याकडे ओढून धरतो, म्हणून काळं इनॅमल डब्यात पडून राहिलं की सुकायला आळशी होतं. पण इथे पांढरा, स्मोक ग्रे, काळा, तिन्ही चिकटत होते. तो धागा तिथेच सुटला.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. वागळे इस्टेटमध्ये प्रत्येक बॅचचा एक छोटा डबा राखून ठेवतात. मार्चचा पांढरा आणि जूनचा पांढरा असे दोन डबे घेऊन मी दिघ्याला परत गेलो. एकाच पत्र्याचे दोन तुकडे, एकच ब्रश, एकाच खिळ्याला टांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्चचा पत्रा कडक होता. जूनच्या पत्र्याला माझ्या अंगठ्याची रेष न रेष उमटली. म्हणजे हवामान सुटलं, ग्रिलवाला सुटला. तो आधीच सुटायला हवा होता, पण या साखळीत ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही तोच नेहमी पहिला आरोपी असतो.

तेच दोन डबे रंगवाल्याच्या प्रयोगशाळेत सुकवले तेव्हा मात्र गंमत झाली. तिथे दोन्ही पास. भारतीय मानकांप्रमाणे रंगाच्या चाचण्या २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेला करतात. त्या खोलीत मार्चचा रंग १३ तासांत कडक झाला, जूनचा १७ तासांत. डब्यावर छापलेली मर्यादा १८ तासांची. चार तासांचा फरक नोंदवहीत दोन बरोबरच्या खुणांखाली गाडला गेला होता. चाचणी करणाऱ्या मुलाची चूक नव्हती. वहीत रकाना ‘पास/नापास’ एवढाच होता.

आता रेझिन. रबाळ्याच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी मार्चच्या आणि जूनच्या बॅच कार्डांचा गठ्ठा समोर ठेवला. मेथॅनॉल चाचणी दोन्हीकडे स्वच्छ. पाणी ठरल्यासारखं उतरलेलं. ॲसिड व्हॅल्यू ८.६ आणि ८.९. ट्यूबमधला बुडबुडा एकाच अक्षरावर. रंगछटा जूनची जराशी फिकीच, म्हणजे कुणीही खूश व्हावं अशी. केटलवरचे पाळीप्रमुख पंचवीस वर्षं हेच काम करतात. ते म्हणाले, ‘साहेब, या सात बॅचा तर लोण्यासारख्या गेल्या. एकदाही फेस आला नाही.’

त्या वाक्यावर मी अडकलो. सगळं जुळतंय आणि तरी माल वेगळा आहे, याचा अर्थ आम्ही जे मोजतोय त्यात तो फरक उमटतच नाही.

आणि खरोखरच उमटत नाही. केटलमध्ये जे घडतं ते सगळं हायड्रॉक्सिल आणि ॲसिड या दोन गटांमध्ये. मेथॅनॉल चाचणी मोळी सुटली का ते सांगते, ॲसिड व्हॅल्यू किती ॲसिड उरलंय ते सांगते, चिकटी साखळी किती वाढली ते सांगते. तेलाच्या फांद्यांवर जे दुहेरी बंध असतात ते या सगळ्या वेळात जवळपास हाताची घडी घालून बसलेले असतात. त्यांचं काम सुरू होतं ग्रिलवर, एमटीओ उडाल्यानंतर, हवेत. सोयाबीनच्या जागी समजा पूर्ण पामतेल घातलं, तरी केटल तुम्हाला लोण्यासारखी बॅच देईल, मेथॅनॉल स्वच्छ दाखवेल, पाणी मापात उतरवेल. फक्त ते रेझिन पुढच्या दिवाळीपर्यंत सुकणार नाही.

स्वयंपाकघरात हे प्रत्येकानं पाहिलंय. शेगडीमागच्या टाइल्सवर आणि एक्झॉस्टच्या जाळीवर जो पिवळा चिकट थर बसतो आणि साबणानंही हटत नाही, तो सोयाबीन-सूर्यफुलाच्या तेलानं हवेतून ऑक्सिजन घेऊन धरलेला पापुद्रा असतो. जवसाची चटणी उघडी राहिली की खवट होते, तीही याच वाटेवरची पहिली पायरी. खोबरेल तेलाच्या बाटलीला मात्र वर्षानुवर्षं तसा थर धरत नाही. खोबरेलाची आयोडीन व्हॅल्यू दहाच्या खाली, सोयाबीनची १२० ते १४०, जवसाची १७०च्या वर. आयोडीन व्हॅल्यू म्हणजे तेलात एकंदर किती दुहेरी बंध आहेत याची मोजणी. रेझिनवाले तेल घेताना हाच एक आकडा बघतात.

जूनच्या तेलाचा आकडा होता ११६. खरेदीच्या कागदावर अट : किमान ११५. पास.

टँकरमधून उतरवताना काढलेल्या नमुन्याच्या बाटल्या ताईंनी मांडणीवर तारखा लावून जपून ठेवल्या होत्या, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मार्चची आणि जूनची बाटली आम्ही कॅन्टीनमधून आणलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवली. शून्य अंशाला साडेपाच तास. ही चाचणी सॅलडच्या तेलासाठी आहे, रंगवाले ती करत नाहीत. मार्चची बाटली चकचकीत राहिली. जूनची तासाभरातच धुरकट झाली आणि संध्याकाळपर्यंत तळाशी पांढरा रवा बसला. पाळीप्रमुखांनी बाटली उजेडात धरली आणि एकच शब्द उच्चारला, ‘पाम.’

तेलात कुठलं फॅटी ॲसिड किती आहे ते मोजायला तेल बाहेरच्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीला पाठवलं. अहवाल आला तेव्हा आकडे असे होते : पामिटिक ॲसिड १६.५ टक्के, ओलिक २७, लिनोलिक ४५, लिनोलेनिक ५.५. शुद्ध सोयाबीनमध्ये पामिटिक साधारण ११, ओलिक २३, लिनोलिक ५३ आणि लिनोलेनिक ७ असतं. हिशोब केला तर तेलाचा पाचवा हिस्सा पामोलिन निघतो.

आता कुणी म्हणेल, आयोडीन व्हॅल्यू १३० वरून ११६ झाली, म्हणजे अकरा टक्के कमी. एवढ्यानं काय होतं? इथेच तो आकडा फसवतो. ओलिक ॲसिडमध्ये एकच दुहेरी बंध असतो. आयोडीनच्या मोजणीत तो धरला जातो, पण सुकायच्या कामात त्याचा उपयोग जवळपास शून्य. लिनोलिकमध्ये दोन बंध असतात आणि त्यांच्या मधोमध एक कार्बन सापडलेला असतो. त्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो, ऑक्सिजन तोच उचलतो आणि गुंतवळ तिथून सुरू होते. लिनोलेनिकमध्ये असे मधले कार्बन दोन. म्हणून तेल सुकेल का हे पाहायचं तर लिनोलिकचे टक्के अधिक लिनोलेनिकच्या टक्क्यांची दुप्पट, असा एक जुना साधा हिशोब आहे. सत्तरच्या वर गेलं तर सुकणारं तेल. जवस १२०च्या आसपास. चांगलं सोयाबीन ६७, म्हणजे उंबरठ्यावरच. आमचं जूनचं तेल ५६.

दुसऱ्या बाजूनं पाहा. चांगल्या सोयाबीनमध्ये शंभरातल्या साठ फांद्यांना पकड असते. जूनच्या मालात पन्नासांना. उरलेल्या पन्नास फांद्या रेझिनमध्ये नुसत्या लोंबकळतात आणि पापुद्रा मऊ ठेवायचं काम करतात. कोरड्या खोलीत, पुरेसा वेळ दिला तर त्या पन्नास कशाबशा गाडं ओढतात. जुलैच्या दिघ्यात नाही ओढू शकत.

या आकड्याचा आंधळेपणा उलट दिशेनंही दिसतो. एरंडेल तेल सुकत नाही. त्यातल्या रिसिनोलिक ॲसिडावरचा हायड्रॉक्सिल गट आम्ल उत्प्रेरकासोबत तापवून पाण्याच्या रूपात काढला की तिथे नवा दुहेरी बंध तयार होतो, आणि बऱ्याच रेणूंत तो आधीच्या बंधाला चिकटून, एकाआड एक असा येतो. हे डीसीओ, निर्जलीकृत एरंडेल. त्याची आयोडीन व्हॅल्यू सोयाबीनच्या जवळपासच दिसते, आणि एकाआड एक बंध आयोडीनच्या नेहमीच्या चाचणीत पुरते मोजलेही जात नाहीत. पण अल्किडमध्ये ते सोयाबीनला कितीतरी मागे टाकतं. आकडा तोच आणि चाल घोड्याची.

मालकांनी पुरवठादाराला फोन लावला तेव्हा मी समोर होतो. आवाज चढलेला. पुरवठादार शांतपणे म्हणाला, ‘शेठ, तुमच्या कागदावर ११५ लिहिलंय, मी ११६ दिलंय. किलोमागं सहा रुपये कमी घेतले तेव्हा तुम्ही विचारलं नाही कसे कमी केले म्हणून.’ दहा टनांच्या टँकरवर साठ हजार रुपये वाचले होते. इनव्हॉइसवर शब्द होता ‘रिफाइंड सोया’, त्यामुळे तो धुतल्या तांदळासारखा नव्हताच. पण कागदावरच्या अटीबद्दल त्याचं म्हणणं मला खोडता येईना.

आणि मग मालकांनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘सर, हे ११५ आलं कुठून?’

मी जुन्या फाइली काढायला सांगितल्या. खरं तर मला तेव्हाच अंधुक आठवलं होतं. काही वर्षांपूर्वी हा कारखाना भट्टीत भाजायच्या इनॅमलसाठी एक वेगळं, कमी तेलाचं अल्किड करायचा. पंख्यांच्या आणि स्टीलच्या कपाटांच्या कारखान्यांना ते जायचं. ते रेझिन मेलामाइनबरोबर उष्णतेनं पक्कं होतं, तिथे हवेनं सुकायचा प्रश्नच नसतो. उलट दुहेरी बंध कमी असले तर भाजताना पिवळेपणा कमी येतो. त्या काळात सोयाबीन महागलं होतं, म्हणून सरकीचं तेल मिसळलेलंही चालेल, आयोडीन व्हॅल्यू किमान ११५ असली की झालं, असं मी लिहून दिलं होतं. खाली माझी सही. पुढे ते रेझिन बंद पडलं, खरेदीचा नमुना तसाच राहिला, आणि कुणीतरी तोच कागद लाँग ऑइल अल्किडच्या तेलासाठी उचलला. त्या कागदावर हे कुठल्या रेझिनसाठी आहे, एवढी एक ओळ मी लिहिली नव्हती.

मालक मोठ्या मनाचे. चहा मागवला आणि म्हणाले, ‘चला, आता माल कसा वाचवायचा ते सांगा.’

टँकरमधून सात बॅचा निघाल्या होत्या. चार विकल्या गेल्या होत्या, तीन ड्रमात होत्या, शिवाय टाकीच्या तळाला सव्वा टनाच्या आसपास तेल. गडद रंगांचा प्रश्न सोपा होता. त्याच कृतीनं केलेलं जवसाचं अल्किड पाचवा हिस्सा मिसळलं तर हिशोब ५६ वरून ६९ वर जातो. जवस पिवळं पडतं, लिनोलेनिक जास्त असल्यामुळे, पण रेड ऑक्साइड प्रायमर, चॉकलेटी आणि काळ्या रंगात तो पिवळेपणा कोण पाहतो? जवसाचं तेल विदर्भातून मागवलं. दोन बॅचा तशा मार्गी लागल्या आणि रेड ऑक्साइड दिघ्याच्या त्याच शेडमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी खणखणीत वाजलं.

पांढऱ्याला जवस चालणार नव्हतं. सोयाबीन निवडतात तेच मुळी पांढरं पांढरं राहावं म्हणून. मी डीसीओचं अल्किड पाव हिस्सा मिसळून पाहिलं. पहिल्या दोन तासांत रंग छान आवळला आणि मला वाटलं जमलं. तिसऱ्या दिवशी बोट ठेवलं तर पुन्हा किंचित ओढ. डीसीओची ही जुनी खोड आहे, आधी भराभर सुकल्यासारखं करतं आणि मागाहून चिकट होतं. मला ठाऊक होती, तरी घाईत आशा केली. शेवटी उरलेली बॅच नव्या चांगल्या बॅचांमध्ये दहा-दहा टक्के जिरवायची ठरली. तेवढ्यानं हिशोब ६७ वरून ६६ वर येतो, चालतं. ती जिरायला गणपती उजाडले.

मालकांचा मुलगा नुकताच इंजिनिअर होऊन आलाय. या सगळ्या धावपळीत त्यानं विचारलं, करंजाचं तेल का नाही वापरत, खाद्यतेल नाही, झाडं तर रस्त्याच्या कडेला सगळीकडे आहेत. प्रश्न चांगला होता. मी त्याला त्याच कागदावर हिशोब करायला लावला. करंज मुख्यतः ओलिक. आयोडीन व्हॅल्यू ऐंशी-नव्वदच्या घरात दिसते पण सुकायचा हिशोब पंचवीसही भरत नाही. त्या तेलाचा रंग करायचा तर हवेवर विसंबून भागणार नाही. दुहेरी बंध इपॉक्साइड करून, किंवा हायड्रॉक्सिल गट बसवून पॉलियुरेथेनच्या वाटेनं जावं लागेल. एरंडेलात तो हायड्रॉक्सिल जन्मतःच असतो, म्हणून ते आयसोसायनेटबरोबर थेट जुळतं. कोकणातल्या काजूच्या टरफलाचं तेल तर आणखी वेगळी गोष्ट; त्यातल्या कार्डानॉलपासून इपॉक्सीसाठी असे हार्डनर होतात की जे ओल्या हवेतही धरतात. मुलगा आता काजूच्या मागे लागलाय. करू दे.

रबाळ्याला आता तीन गोष्टी बदलल्यात. खरेदीच्या कागदावर आयोडीन व्हॅल्यू किमान १२५, आणि ठळक अक्षरांत ‘फक्त हवेनं सुकणाऱ्या अल्किडसाठी’. टँकर गेटवर आला की नमुना आधी बर्फात जातो, तोवर ड्रायव्हर कॅन्टीनमध्ये जेवतो. साडेपाच तास थांबायला तो कुरकुरतो, म्हणून टँकर सकाळी सहाला बोलावतात. क्रोमॅटोग्राफी महिन्यातून एकदा. प्रत्येक टँकरला करायचा खर्च छोट्या कारखान्याला झेपत नाही आणि बर्फाला ते काम बऱ्यापैकी जमतं. सूर्यफुलात पाम मिसळलं तरी बर्फ पकडेल. सरकीही बहुधा पकडेल. मोहरी मिसळली तर नाही पकडणार, हे मी मालकांना सांगून ठेवलंय.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात आवडते. ताईंनी भावाकडून माशांची जुनी काचेची टाकी आणली. तळाशी पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण, मीठ तळाला दिसेल इतकं घट्ट. असं द्रावण बंद जागेतली आर्द्रता ८४ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं, त्याला ना वीज लागते ना यंत्र. वर जाळी, जाळीवर रंगवलेला पत्रा, काचेचं झाकण. सुकायला हवा लागते म्हणून दिवसातून चार वेळा झाकण काढून पुठ्ठ्यानं वारा घालायचा. यंत्र विकणाऱ्या एका प्रतिनिधीनं ती टाकी पाहून लाखोंचं कोटेशन ठेवलं होतं. ते अजून ड्रॉवरमध्ये आहे.

ऑगस्टमध्ये पहिल्या नव्या बॅचचा पत्रा त्या टाकीत ठेवला तेव्हा मी गेलो होतो. चोवीस तासांनी ताईंनी पत्रा बाहेर काढला, त्यावर त्या दिवशीच्या पेपरचा चौकोनी तुकडा ठेवला, तुकड्यावर एक किलोचं वजन, आणि तासाचा गजर लावला. वजन उचललं, कागद अलगद सुटला. पत्रा खिडकीशी नेऊन तिरका धरला आणि खालीवर करून पाहिला. नोंदवहीत त्यांनी ‘हार्ड ड्राय’च्या शेजारी पेन्सिलीनं एक नवा रकाना आखला होता, त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं ‘पेपर’, आणि त्या बॅचपुढे : ‘अक्षर नाही.’